हललेले फोटो

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक लांबट खोली होती. तिथे बसून ती फोटो वाचायची. वाचायची म्हणजे खरोखर वाचायची. उजेड कुठून आला, फोटोग्राफर किती अंतरावर उभा होता, बसलेल्या माणसाचा कोणता खांदा खाली गेलाय, बोटांवर कसल्या कामाचे घट्टे आहेत, हे सगळं भिंगातून पाहायचं आणि मग फोटोखाली लावायच्या पाच ओळी लिहायच्या. पदार्थविज्ञान शिकलेली बाई या कामात कशी येऊन पडली, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, प्रकाशाचंच काम आहे, फक्त धूळ जरा जास्त.

त्या वर्षी तिच्या टेबलावर एकतीस काचा आल्या. फार जुन्या एका फोटोग्राफरच्या वारसांनी त्याचा अख्खा स्टुडिओ संग्रहालयाला देऊन टाकला होता. खुर्ची, लाकडी कॅमेरा, नोंदवही, पत्रांनी भरलेला पत्र्याचा डबा, आणि या काचेच्या निगेटिव्ह. सगळ्या म्हाताऱ्या बायकांच्या. प्रत्येकीला तीच खुर्ची, डाव्या हाताला तीच खिडकी, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. आणि प्रत्येकीचा चेहरा हललेला.

संचालकांना तेच आवडलं. प्रदर्शनाचं नाव त्यांनी काचा नीट पाहायच्या आधीच ठरवून टाकलं होतं, ‘काळाची थरथर’. वय म्हणजे थरथर, या बायका काळाच्या हातून निसटताहेत, असं काहीतरी येऊ द्या, असं ते तिला म्हणाले. तिने विचारलं, मग त्यांचे हात का नाही निसटले? संचालक हसले. बाई, तुम्ही कवितेलाही फूटपट्टी लावाल, म्हणाले आणि चहाला निघून गेले.

तिचा प्रश्न मात्र साधा होता. म्हाताऱ्या माणसाला कंप असेल तर तो बहुतेक वेळा हातात आधी दिसतो. इथे हात इतके स्पष्ट होते की नखांच्या कडेच्या भेगा मोजता आल्या असत्या. शालीचा धागान् धागा दिसत होता. हललं होतं ते फक्त डोकं. एकीचं नव्हे, दोघींचं नव्हे, सगळ्यांचं.

सतरा नंबरची काच तेवढी वेगळी होती. ती वरपासून खालपर्यंत तडकलेली होती. तिच्यात खुर्ची होती, शाल होती, दांडे घट्ट धरलेले हात होते, आणि डोक्याच्या जागी मागची भिंत. तिने नोंद केली, ‘बसणारी वेळेआधी उठली असावी.’ उठणारं माणूस आपले हात मागे ठेवून जात नाही, हे तिला लिहितानाच कळलं होतं. पण एकतीसमधली एक काच खराब निघणार, असं म्हणून तिने पान उलटलं.

डब्यातली पत्रं तिने चाळली. पत्रं बायकांच्या घरच्यांची होती, मुलांची, सुनांची, एक नवऱ्याचं. फोटो बिघडला म्हणून तक्रार करणारं एकही नव्हतं. उलट सगळे आभार मानत होते. एका सुनेने लिहिलं होतं, ‘सासूबाई घरी आल्यापासून फार शांत आहेत. कशालाच नाही म्हणत नाहीत. फोटो नको, काच आपल्याकडेच असू द्यावी.’ काच आपल्याकडेच असू द्यावी, हे वाक्य तिने चाळलेल्या सहा पत्रांत होतं. त्या काळची लिहायची रीत असेल, असं तिला वाटलं. तिने डबा बंद केला.

आता उरला मोजमापाचा प्रश्न. ते डोकं कंपाने हललं, की आणखी कशाने? नोंदवहीत तारखा होत्या, वयं होती, पण कॅमेऱ्याचं झाकण किती वेळ उघडं ठेवलं ते कुठेच नव्हतं. तिने विचार केला, माहीत असलेलं हलणं या कॅमेऱ्यातून काचेवर कसं उमटतं हे एकदा दिसलं, की ही अनोळखी हलणी त्याच्याशी ताडून पाहता येतील. म्हणजे जिचा कंप आधीच मोजलेला आहे अशी एखादी म्हातारी बाई हवी. तीच खुर्ची, तोच कॅमेरा, तसाच उजेड.

आणि अशी बाई तिच्या घरातच होती.

तिची आई एकोणऐंशी वर्षांची होती. उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे आवाज एकमेकांना जोडण्यात गेलेली, त्यामुळे गप्प बसणं तिला माहीतच नव्हतं. रेडिओवर बातम्या लागल्या की ती निवेदकाशी भांडायची. बारा वर्षांपूर्वी तिची मान हलायला लागली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बारीकशी, सतत. डॉक्टरांनी यंत्र लावून मोजलं होतं, सेकंदाला पाच वेळा. तब्येतीला धोका काही नव्हता. फक्त समोरच्याला वाटायचं की ही बाई सारखी नाही नाही म्हणतेय. दादाने, म्हणजे आईच्या थोरल्या मुलाने, त्यावर घरात एक नियमच केला होता. आईचं नाही म्हणजे हो. चहा घेणार का? मान हलतेय ना, मग ओत. आईलाही ते आवडायचं. ती मान हलवत हलवतच हो म्हणायची आणि कप पुढे करायची.

मुलीला ती मास्तर म्हणायची. लहानपणी पोळपाटाचा व्यास मोजत बसलेली पोर पाहून पडलेलं नाव, ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं. जगात दुसरं कुणी तिला त्या नावाने हाक मारत नसे.

फोटोचं ऐकून आई म्हणाली, “शेवटी माझं हलतं डोकं विज्ञानाच्या कामी आलं म्हणायचं.” मग दोन दिवस ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटली की संग्रहालयात आता तिला ठेवणार आहेत.

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. सोमवारी सकाळी अकराला ती आईला घेऊन गेली. संचालकांनी तिसऱ्या मजल्यावर तो स्टुडिओ होता तसा मांडून ठेवला होता. डावीकडे मोठी खिडकी, मध्ये खुर्ची, समोर तिकाटण्यावर कॅमेरा. डार्करूम सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते आणि सगळे त्यांना केमिकलकाका म्हणायचे. त्यांनी दोन दिवस खपून जुन्या पद्धतीने एक काच तयार केली होती. त्यांनी ती कॅमेऱ्यात बसवली आणि हात पुसत मागे उभे राहिले.

आई खुर्चीत बसली. शाल सारखी केली. हात दांड्यांवर ठेवले.

“हसू का हलू, तेवढं सांग,” ती म्हणाली.

केमिकलकाका हसले. तिने स्टॉपवॉच काढलं, खिडकीतला उजेड मोजला, आकडा लिहिला. मान वर केली तेव्हा आई खिडकीकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे नव्हे, आपल्या हातांकडे पाहत होती. जणू ते आपले नाहीत.

“मास्तर,” आई हळू आवाजात म्हणाली, “नको गं.”

मान हलतच होती, डावीकडे, उजवीकडे.

“तसंच हलू दे,” ती म्हणाली. “तेच हवंय मला.” आणि तिने झाकण काढलं.

आठ सेकंद ठरले होते. ती मोजत होती. एक, दोन, तीन. आईची मान हलत होती. चार, पाच. सहाव्या सेकंदाला मान थांबली. बारा वर्षांत झोपेशिवाय पहिल्यांदा थांबली. तिचं लक्ष घड्याळावर होतं, तरी तिने ते पाहिलं. सात. आठ. तिने झाकण लावलं आणि आधी वहीत लिहून घेतलं, ‘सहाव्या सेकंदाला कंप बंद.’

आई उठून उभी राहिली. सरळ, कुठे हात न टेकता.

“झालं का, बाळ?” ती म्हणाली.

घरी येताना आई बसच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर तिने काठोकाठ भरलेला कप उचलला आणि एक थेंब न सांडता प्याली. रेडिओवर बातम्या लागल्या, संपल्या. आई ऐकत होती, किंवा रेडिओकडे तोंड करून बसली होती.

डॉक्टरांनी तपासलं. असं आपोआप बंद झालेलं आपण पाहिलेलं नाही, म्हणाले, पण चांगल्या गोष्टीचं कारण शोधत बसू नका. दादा रविवारी बायकोला घेऊन आला. आईची स्थिर मान पाहून त्याचे डोळे भरून आले. किती गोड झालीय आई, असं त्याची बायको दोनदा म्हणाली. आईने दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने विचारायचं म्हणून विचारलं, आई पूर्वीसारखी बोलत नाही, हे तुम्हाला जाणवत नाही का? दादा म्हणाला, आयुष्यभर बोललीच की, आता जरा विसावा घेऊ दे तिला.

ते गेल्यावर तिने एक छोटीशी चाचणी घेतली. असं करायला नको, हे तिला कळत होतं.

“आई, आज रविवार ना?”

“हो, बाळ.”

थोड्या वेळाने भांडी आवरता आवरता तिने पुन्हा विचारलं. “आज बुधवार ना गं?”

“हो, बाळ.”

भाजीत तिने मुद्दाम मीठ घातलं नाही. आईने सगळी संपवली. दुसऱ्या दिवशी तिप्पट घातलं. आईने सगळी संपवली.

घर दोन खोल्यांचं होतं. आईची खुर्ची पूर्वी खिडकीपाशी असायची, रस्त्यावरच्या लोकांवर शेरे मारायला सोयीची. आता ती आईने स्वतः उचलून दाराशी आणून ठेवली होती. बाहेर जाताना आईच्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागे. हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून ती दिवसभर बसायची. कुठे निघालीस, असं कधी विचारायची नाही. फक्त मान वर करून पाहायची, आणि बाहेर पडेपर्यंत पाहत राहायची.

काच धुऊन, वाळवून केमिकलकाकांनी पहिली प्रिंट आणून दिली तेव्हा आठ दिवस झाले होते. तिने भिंग घेतलं.

हात स्पष्ट. शाल स्पष्ट. डोकं हललेलं.

ती बराच वेळ पाहत राहिली. हिशोब सोपा होता. सहाव्या सेकंदाला मान थांबली असेल, तर पुढचे दोन-अडीच सेकंद एक स्थिर चेहरा कॅमेऱ्यासमोर होता. त्या धूसर पट्ट्यात कुठेतरी तो स्पष्ट उमटायलाच हवा होता. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची कड, काहीतरी. तसं काहीच नव्हतं. काचेतलं डोकं आठही सेकंद हलत होतं.

समोर स्थिर झालेलं जे काही तिने पाहिलं होतं, ते काचेवर उमटलंच नव्हतं.

तिने काकांना आणखी एक प्रिंट काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते दोन घेऊन आले आणि टेबलाशी उभेच राहिले.

“ताई, काच तीच आहे,” ते म्हणाले. “मी डाग बघून खात्री केली. कोपऱ्यात माझ्याच अंगठ्याचा ठसा आहे.”

तिने तिन्ही प्रिंट खालून दिवा असलेल्या उजेडाच्या टेबलावर एकावर एक ठेवल्या. खुर्ची खुर्चीवर बसली. खिडकीची चौकट चौकटीवर. दहाही बोटं दहा बोटांवर. डोकी जुळली नाहीत. एकात ते डावीकडे जास्त गडद होतं, एकात उजवीकडे. तिसऱ्यात खाली वाकलेलं होतं, हातांकडे पाहिल्यासारखं.

काचेवर जे एकदा उमटलं ते उमटलं. ते बदलत नाही. तिच्या कामाचा पायाच तो होता.

काका म्हणाले, तब्येत बरी वाटत नाही, दोन दिवस रजा घेतो. ते जाताना त्यांनी डार्करूमची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी ते आले नाहीत, त्यानंतरही नाहीत.

मग प्रिंट ती स्वतःच काढू लागली. रोज दुपारी एक. लाल दिव्याखाली कागद रसायनात टाकायचा आणि वाट पाहायची. आधी हात वर यायचे. मग शाल. डोकं सगळ्यात शेवटी. ओळीने पाच दिवसांच्या प्रिंट तिने दोरीवर लावल्या आणि फक्त तोंडाकडे पाहिलं. धूसर होतं, पण तिचं आयुष्य धूसर गोष्टी वाचण्यातच गेलं होतं. पहिल्या दिवशी ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्या दिवशी तोंड मोठं उघडलेलं. तिसऱ्या दिवशी दातांची फट, तिच्यात जीभ टेकलेली. चौथ्या दिवशी जीभ वर वळलेली. पाचव्या दिवशी ओठ पुन्हा मिटलेले, पुन्हा पहिल्यापासून.

तिला फार विचार करावा लागला नाही. मास्तर. त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

आठ सेकंदांचं काम. तिथे काचेच्या आत किती वेळ झाला असेल, याचा हिशोब तिने केला नाही.

त्या दिवशी तिने पत्र्याचा डबा पुन्हा उघडला आणि सतरा नंबरच्या बाईच्या घरचं पत्र शोधून काढलं. मुलाचं अक्षर होतं. ‘आई काल सकाळी दहाच्या सुमारास खुर्चीत बसल्या जागी गेली. काही दुखणं नव्हतं. हात मात्र दांड्यांवरून सोडवावे लागले.’ पत्रावरच्या तारखेच्या आदल्या दिवसाचं पान तिने फोटोग्राफरच्या नोंदवहीत काढलं. तिथे एकच ओळ होती. ‘सतरा नंबर साफ करताना हातातून निसटली. सकाळी दहा.’

तिने सतरा नंबरची काच उजेडाच्या टेबलावर ठेवली. खुर्ची, हात, भिंत. डोकं नव्हतं. ते सुटलं, की संपलं? काच पाहून ते कळण्यासारखं नव्हतं. एका काचेवरून निष्कर्ष काढता येत नाही. आणि दुसरी काच तडकवून पाहायची, तर ती कुणाची?

बाकीच्या एकोणतीस जणी एका ओळीत समोर होत्या. त्यांच्या घरी दाराशी बसलेल्या त्या शांत बायका कधीच गेल्या असणार. काचा मात्र फुटल्या नव्हत्या. आणि डोकी हलत होती.

एकोणतीस. तिने पुन्हा मोजलं. सतरा वगळली तर तीस हव्यात. एकतीस नंबरची काच पेटीतच राहिली होती. तिने ती काढली. ही काच तिने आधी पाहिली होती, इतरांसारखीच, शाल आणि हललेलं डोकं. फक्त या बाईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग होता, आणि मांडीवर एक छोटं भिंग. तिने नोंदवहीत एकतीसपुढे पाहिलं. नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘माझी बहीण. काचांच्या नोंदी ठेवणारी.’ त्याच्याखाली एकही नोंद नव्हती.

तिने सगळ्या काचा पेटीत ठेवल्या. आईची काच मऊ फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि घरी आणली. ती फुटू नये म्हणून, की फोडता यावी म्हणून, हे तिने ठरवलं नव्हतं. कपाटात, आपल्या कपड्यांच्या मधोमध, तिने ती ठेवली. एकच उपाय तिला सुचत होता. तीच खुर्ची, तोच कॅमेरा, तीच बाई, पुन्हा आठ सेकंद. उलट दिशेने काही होतं का, ते पाहायचं. संग्रहालयात येईल का, एवढंच आईला विचारायचं होतं, आणि आई तर कशालाच नाही म्हणत नव्हती.

सोमवारी सकाळी तिने आवरलं. स्वच्छ ऊन पडलं होतं. आई दाराशी बसली होती.

“आई, चल, एक फोटो काढायचा राहिलाय.”

आईने तिच्याकडे पाहिलं.

“नाही,” आई म्हणाली.

इतक्या आठवड्यांत आईच्या तोंडून निघालेलं ते पहिलंच ‘नाही’ होतं. मान जराही हलली नव्हती. फक्त ओठ हलले होते.

“माझा झालाय, बाळ,” आई म्हणाली. आवाजात माया होती. “ती काच जप हं. कपड्यांत ठेवलीस ते बरं केलंस.”

आईच्या गुडघ्यांच्या पलीकडे दार होतं, बंद.

“इकडे ये,” आई म्हणाली. “उजेडात ये बघू. केव्हाची बघतेय मी, तुझंही डोकं हलायला लागलंय.”

“नाही,” ती म्हणाली.

समोरच्या भिंतीवर आरसा होता. त्यात तिची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे गेली. नाही म्हणताना माणूस मान हलवतो, तेवढंच ते. तिने बोलणं थांबवलं. दात घट्ट आवळले. मनगटावरच्या घड्याळाच्या काट्यावर नजर लावली आणि सवयीने मोजलं.

सेकंदाला पाच.

आई हसली. उठली. खुंटीवरची शाल काढून तिने दोन्ही हातांत उघडून धरली, लहान मुलाला शाळेत पाठवताना धरतात तशी.

“आपल्या घरात नाही म्हणजे हो,” ती म्हणाली. मग शाल तशीच धरून ती मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली. खिडकीतून वारा येत होता, पडदे हलत होते. शालीचा काठ जागच्या जागी होता.